दूरच्या वसाहतीची टपाल आगबोट : ठेका कसा ठरायचा आणि का मोडायचा

एका लेखिकेचा प्रश्न आला आहे. त्या एकोणिसाव्या शतकातल्या एका दूरच्या ब्रिटिश वसाहतीवर कादंबरी लिहीत आहेत. कथेतला पोस्टमास्तर जनरल आगबोटीने टपाल आणण्याचा ठेका करण्यासाठी लंडनला जातो. असा माणूस नेमकं काय करेल, कुणाला भेटेल, कशावर घासाघीस करेल, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. शिवाय पैसे मोजायची तयारी असतानाही अशा वसाहतींचे ठेके पुन्हा पुन्हा का मोडत, हेही त्यांनी विचारलं आहे.

माझं कामाचं आयुष्य मुंबईत, जहाजांचे चार्टर आणि नियमित फेऱ्यांचे करार लिहिण्यात नि तपासण्यात गेलं. जुन्या टपाल करारांकडे मी त्यातूनच वळलो. आज ज्या कलमांवरून जहाजमालक आणि ठेका देणारे भांडतात, त्यांतली बरीच भांडणं दीडशे वर्षांपूर्वी टपालाच्या निमित्ताने होऊन गेलेली दिसतात.

उत्तर न्यूझीलंडच्या आधाराने देतो. दक्षिण आफ्रिकेतलं केप, मॉरिशस, सिलोन ही ठिकाणं दुसरीकडे कुठेतरी जाणाऱ्या वाटेवर होती. जाता जाता बोट तिथे थांबे. न्यूझीलंडच्या पुढे टपाल न्यायला गावच नव्हतं. तिथे बोट मुद्दाम पाठवावी लागे, आणि मुद्दाम पाठवलेल्या बोटीचा खर्च शेवटच्या बंदराच्या माथी येतो. तुमच्या कथेसाठी याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण तुमच्या पात्राची सगळी घासाघीस तिच्याभोवती फिरेल. “लंडनचं पत्र किती दिवसांत पोहोचेल?” हा प्रश्न वर्तमानपत्रं विचारत. व्यापारी, बँका आणि स्वतः सरकार यांचा प्रश्न वेगळा असे: “मी आज विचारलं तर उत्तर हातात कधी पडेल?” समजा, बोट चार आठवड्यांतून एकदा येते. लंडनचं पत्र न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या लोकरीच्या व्यापाऱ्याला साठाव्या दिवशी मिळालं, पण परतीची बोट दोन दिवस आधीच सुटून गेली. आता त्याचं उत्तर सव्वीस दिवस टेबलावर पडून राहणार. बोटीचा वेग वाढवून पाच दिवस वाचवायचे तर नवी इंजिनं हवीत, जास्त कोळसा हवा, आणि त्यासाठी दरवर्षी हजारो पौंड जास्त मोजायला हवेत. सुटण्याची तारीख चार दिवस पुढे सरकवली तर चोवीस दिवस वाचतात आणि इंजिनाला हातही लावावा लागत नाही. तुमचं पात्र हुशार असेल तर ते लंडनमध्ये वेगाबद्दल कमी आणि तारखांबद्दल जास्त बोलेल.

तारखा ठरवणं मात्र त्या वसाहतीच्या हातात नसे, आणि खरी अडचण तिथेच होती.

सुएझच्या वाटेपासून सुरुवात करू. पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची टपाल बोट १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाऊ लागली. दोन वर्षांत क्रिमियाचं युद्ध आलं, बोटी सैन्य वाहायला गेल्या आणि वसाहतींचं टपाल परत शिडाच्या जहाजांवर आलं. युद्ध संपल्यावर नवा ठेका युरोपियन अँड ऑस्ट्रेलियन नावाच्या कंपनीला गेला, वर्षाला १ लाख ८५ हजार पौंडांवर. फेऱ्या १८५७ मध्ये सुरू झाल्या आणि कंपनी वर्ष-दीड वर्षात बुडाली. आकडा ऐकून वाटतं, इतके पैसे मिळूनही कशी बुडाली? एवढ्या लांबच्या मार्गावर चार-पाच चांगल्या बोटींनी भागत नाही. एखादीचं इंजिन बिघडलं तर तिच्या जागी सोडायला दुसरी तयार लागते, आणि ती बाकीचा वेळ बंदरात बसून पैसे खात असते. या कंपनीकडे तशी राखीव बोट नव्हती. बिघाड होताच भाड्याची बोट घ्यावी लागे. गरजू माणसाला बोट चढ्या भाड्यानेच मिळते, शिवाय उशिराचा दंड वेगळा. निविदा उघडताना सर्वांत कमी आकडा भरणाऱ्याकडे राखीव बोटी किती आहेत, हे मी नेहमी आधी पाहत आलो, ते असली उदाहरणं वाचूनच.

याच आकड्यावर थोडा हिशेब करून पाहा. त्या काळी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड यांच्यात अर्ध्या औंसाच्या पत्राला सहा पेन्स पडत. म्हणजे एका पौंडात चाळीस पत्रं. १ लाख ८५ हजार पौंड नुसत्या पत्रांतून काढायचे तर वर्षाला ७४ लाख पत्रं हवीत. न्यूझीलंडमधल्या युरोपीय वसाहतकऱ्यांची संख्या १८६१ मध्ये जेमतेम एक लाख होती. टपालाच्या तिकिटांतून आगबोटीचा खर्च निघणं शक्यच नव्हतं. म्हणून अनुदान. ते कुणी द्यायचं? ब्रिटिश सरकारने अर्धं उचलावं आणि उरलेलं वसाहतींनी आपापल्या पत्रांच्या प्रमाणात वाटून घ्यावं, अशी रीत पडली.

कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. पण सुएझची बोट सिडनीला संपत होती. न्यूझीलंड आपला वाटा भरे, आणि वर सिडनीहून आपल्या बंदरांपर्यंत टपाल आणायला स्वतःच्या खर्चाने वेगळ्या बोटी ठेवी. १८५८ पासून हे काम इंटरकलोनियल रॉयल मेल कंपनीच्या छोट्या आगबोटी करत. त्यांतली लॉर्ड वर्सली १८६२ मध्ये तारानाकीच्या किनाऱ्यावर फुटली. जमिनीवरून तिथले मूळ रहिवासी माओरी आणि सरकार यांच्यात नुकतंच युद्ध होऊन गेलेला तो मुलूख. तरीही तिथल्या माओरी प्रमुखाने उतारूंना संरक्षण दिलं आणि सगळे सुखरूप परतले. तुमच्या कादंबरीला एखादा प्रसंग हवा असेल तर तो इथे आहे.

आता सांध्यांची गोष्ट, म्हणजे जिथे टपाल एका बोटीतून दुसऱ्या बोटीत किंवा गाडीत जाई त्या ठिकाणांची, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. १८५९ मध्ये पी. अँड ओ. परत आली. सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा मार्ग मॉरिशसवरून होता, मग तो सिलोनमधल्या गॉलवरून वळवला. सिडनीहून निघालेली बोट मेलबर्न, मग पश्चिम ऑस्ट्रेलियातलं किंग जॉर्ज साउंड करत गॉलला येई. तिथे थैल्या कलकत्त्याहून सुएझकडे जाणाऱ्या मुख्य बोटीवर चढत. सुएझला उतरून रेल्वेने अलेक्झांड्रियाला, तिथून परत बोटीने साउथॅम्प्टनला. घाई असलेला माणूस जास्त पैसे भरून पत्र मार्सेयमार्गे पाठवी. ते फ्रान्समधून रेल्वेने जाई आणि साउथॅम्प्टनच्या पत्राआधी लंडन गाठी. आता मोजा: न्यूझीलंडच्या एका पत्राला आपल्याच किनाऱ्यावर एक सांधा, सिडनीला दुसरा, गॉलला तिसरा, सुएझला चौथा, अलेक्झांड्रियाला पाचवा. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: आधीची बोट उशिरा आली तर पुढची थांबणार का, आणि किती?

गॉलला मुख्य बोटीच्या पोटात कलकत्ता आणि मद्रासचं टपाल असे. चार छोट्या वसाहतींसाठी ती किती थांबणार? आणि सिडनीची बोट न्यूझीलंडसाठी का थांबावी, जेव्हा मेलबर्नचे व्यापारी तिच्याकडे डोळे लावून बसलेले असत? ज्याची पत्रं जास्त, त्याच्यासाठी बोट थांबते. न्यूझीलंडची पत्रं थोडी होती आणि ते शेपटाच्या टोकाला होतं. आधी झालेला प्रत्येक उशीर साचत साचत तिथे पोहोचे.

म्हणून तिथल्या राजकारण्यांच्या मनाने घेतलं की आपली वाट आपणच काढायची, पूर्वेकडून. पनामाच्या संयोगभूमीवर १८५५ पासून रेल्वे होती. अटलांटिकच्या बाजूला रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीच्या बोटी साउथॅम्प्टनहून वेस्ट इंडिजला येतच होत्या. मधला पॅसिफिक तेवढा ओलांडायचा. न्यूझीलंडचा पोस्टमास्तर जनरल क्रॉस्बी वॉर्ड १८६३ मध्ये याच कामासाठी इंग्लंडला गेला. तुमच्या पात्राचा खरा पूर्वज तोच. हा मनुष्य न्यूझीलंडमधल्या कँटरबरी प्रांताचा, तिथल्या लिटल्टनच्या वर्तमानपत्राशी जोडलेला होता. आपल्या प्रांतातल्या व्यापाऱ्यांची ओरड त्याने स्वतः छापलेली असणार.

या योजनेत तारखांचा विचार चांगला होता. सुएझची बोट महिन्यातून एकदा येते, तर पनामाची दोन फेऱ्यांच्या मधोमध आणायची. म्हणजे एकेक मासिक सेवा असूनही लोकांना पंधरा दिवसांनी टपाल मिळेल. न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनीची वसाहत, भागीदार झालं, तेही स्वार्थापोटी: सुएझच्या वाटेवर मेलबर्न आधी आणि सिडनी नंतर लागे, पूर्वेकडच्या वाटेवर सिडनीला मेलबर्नचं तोंड बघावं लागत नसे. व्हिक्टोरियाने, म्हणजे मेलबर्नच्या वसाहतीने, याच कारणासाठी अंग काढून घेतलं. भागीदार शोधताना तुमच्या पात्राने हे लक्षात ठेवावं: साम्राज्यावरच्या निष्ठेची भाषणं ऐकून घ्यावी, पण कुणाच्या धक्क्याला बोट आधी लागते ते बघूनच कोण पैसे देईल याचा अंदाज बांधावा.

जून १८६६ मध्ये पनामा, न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन रॉयल मेल कंपनीच्या फेऱ्या सुरू झाल्या. राकाइया, कायकौरा, रुआहिने, माताउरा अशी नावं असलेल्या चार नव्या बोटी. वेलिंग्टन ते पनामा साडेसहा हजार सागरी मैल, मध्ये एकही मोठं बंदर नाही. दहा नॉटने, म्हणजे ताशी दहा सागरी मैलांनी, सत्तावीस दिवस. दिवसाला तीस टन कोळसा धरला तरी आठशे टनांवर जातो. एवढा कोळसा पोटात भरल्यावर माल कुठे ठेवायचा? आणि माल नसेल तर अनुदानाखेरीज उत्पन्न ते काय, थोडे उतारू?

कोळशाची ही अडचण आम्हा मुंबईकरांना जुनीच आहे. १८३० च्या मार्चमध्ये मुंबईहून सुएझला गेलेली पहिली आगबोट ह्यू लिंडसे मुंबईच्याच गोदीत बांधलेली होती, अवघी ४११ टनांची. तिच्या बांधणीत जेवढ्या दिवसांच्या कोळशाची सोय होती त्याच्या दुप्पट कोळसा एडनपर्यंत पोहोचायला लागत होता, म्हणून केबिनांत आणि डेकवरही कोळसा रचला गेला. सुएझ गाठायला तेहतीस दिवस लागले. त्यांतले एकवीस दिवस बोट प्रत्यक्ष चालत होती, बाकीचे बहुतेक दिवस वाटेत कोळसा भरण्यात गेले. नऊ वर्षांनी, जानेवारी १८३९ मध्ये, मुंबई सरकारने एडन जिंकून घेतलं, त्यामागे कोळशाचं ठाणं हे मोठं कारण होतं. टपालाच्या वाटेवर कोळशाचा ढीग कुठे ठेवायचा या साध्या प्रश्नातून असे मुलूख घेतले गेले.

पॅसिफिकमध्येही तेच झालं. पनामा कंपनीने वाटेतल्या रापा नावाच्या लहानशा बेटावर कोळशाचा डेपो केला. शिडाच्या जहाजांनी तिथे कोळसा नेऊन टाकायचा आणि टपालाच्या बोटीने येता-जाता उचलायचा. ताहितीत बसलेल्या फ्रेंचांनी ते पाहिलं आणि १८६७ मध्ये रापावर आपलं संरक्षित राज्य जाहीर केलं. एका खासगी कंपनीच्या कोळशामुळे एका बेटाचं भवितव्य बदललं. त्या बेटावरच्या लोकांना कुणी काही विचारलं नव्हतं. तुमच्या कादंबरीत वसाहतकऱ्यांच्या सोयीची किंमत कोण मोजतं हे दाखवायचं असेल तर रापा विसरू नका.

पनामाची वाट मोडली ती मात्र पॅसिफिकच्या बाजूला नव्हे. कंपनीने आपला समुद्र बऱ्यापैकी नियमित ओलांडला. पण पलीकडचा सांधा दुसऱ्या कंपनीच्या हातात होता. रॉयल मेलच्या बोटी वेस्ट इंडिजमधल्या सेंट थॉमसला एकत्र येत आणि तिथे थैल्यांची अदलाबदल होई. तिथे पिवळ्या तापाची साथ आली. ऑक्टोबर १८६७ मध्ये जबरदस्त चक्रीवादळ झालं. त्यात रॉयल मेलची ऱ्होन ही नवी बोट जवळच्या सॉल्ट बेटाजवळ बुडाली आणि मोठी जीवितहानी झाली. अटलांटिकची बोट चुकली की पॅसिफिकची बोट पनामाला वाट पाहत कोळसा जाळणार, किंवा रिकाम्या थैल्या घेऊन निघणार. नुकसान पनामा कंपनीचं आणि उशिराचा बोल न्यूझीलंड सरकारला. १८६९ च्या सुरुवातीला ती कंपनी बंद पडली. अडीच-पावणेतीन वर्षांत एक चांगली कल्पना संपली.

हे सविस्तर सांगितलं कारण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं माझं उत्तर इथे आहे. बोटी वाईट होत्या म्हणून किंवा कंत्राटदार लबाड होते म्हणून ठेके मोडले, असं क्वचितच झालं. ठेका देणाऱ्याचं राज्य मार्गाच्या एका तुकड्यावर चाले आणि नुकसान सगळ्या मार्गाचं त्याच्या अंगावर येई. सांध्याच्या पलीकडच्या माणसाशी ज्याचा करार नाही, त्याने आपल्या तुकड्यावर कितीही कडक कलमं लिहिली तरी उपयोग होत नाही.

दंडाच्या कलमाबद्दल इथेच बोलतो, कारण वसाहतींच्या विधिमंडळांना ते फार प्रिय असे. उशिराच्या दर तासाला किंवा दिवसाला अमुक पौंड कापायचे. सभागृहात टाळ्या पडतात. पण घड्याळ कुठे थांबतं? बंदराच्या तोंडाशी बोट दिसली तेव्हा, नांगर पडला तेव्हा, की थैल्या टपाल कचेरीत पोहोचल्या तेव्हा? साथीच्या संशयाने बोट क्वारंटाइनमध्ये अडकली तर तो उशीर कुणाचा? पावसाळ्यात मुंबई-एडनच्या वाटेवर बोटीला समोरून वारा नि लाटा मिळतात, म्हणून नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांसाठी वेळापत्रकात जादा दिवस द्यावे लागत. तसं कलम नसेल तर कंत्राटदार दंड आधीच दरात धरतो, म्हणजे दंड शेवटी दंड करणाराच भरतो. आणि कंत्राटदार कमकुवत असेल तर दंडाने तो आणखी कमकुवत होतो. माझा अनुभव असा की दंड सौम्य ठेवून लवकर येणाऱ्या बोटीला बक्षीस ठेवलं तर वेळापत्रक जास्त चांगलं पाळलं जातं.

एक व्यवस्था मात्र अशी होती जिच्यात जवळजवळ काही खर्च न करता दिवस वाचत, आणि ती फारशी कुणाला आठवत नाही: चालत्या बोटीवर टपालाची छाननी. बोटीवर टपाल खात्याची माणसं थैल्या फोडून गावागावांप्रमाणे पत्रं वेगळी करत. बोट धक्क्याला लागली की थैल्या सरळ पुढच्या बोटीत किंवा गाडीत. न्यूझीलंडने सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटींवर आपले टपाल प्रतिनिधी ठेवले होते. मुंबईचं समुद्री टपाल कार्यालय १८६८ मध्ये सुरू झालं, आधी सुएझ आणि पुढे एडन ते मुंबई अशा वाटेवर, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. विलायतची मेल बॅलार्ड पिअरच्या आधीच्या काळातही मुंबईला उतरली की लगेच रेल्वेने देशभर जाई, ती या माणसांमुळे. लाटांनी हलणाऱ्या, कोंदट खोलीत रात्रंदिवस पत्रं लावणाऱ्या त्या कारकुनांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तुमच्या कथेत त्यांच्यापैकी एक जण जरूर असू द्या.

आता सॅन फ्रान्सिस्को. मे १८६९ मध्ये अमेरिकेची आरपार रेल्वे जोडली गेली आणि पनामाला चांगला पर्याय मिळाला. ऑकलंडहून होनोलुलू, तिथून एकवीसशे मैलांवर सॅन फ्रान्सिस्को, मग आठवड्याभरात न्यूयॉर्क, आणि अटलांटिकवर तर लिव्हरपूलला जाणाऱ्या बोटींची रांगच होती. एक चुकली तर दोन दिवसांत दुसरी. पलीकडचा सांधा एकाच कंपनीवर अवलंबून नव्हता, हे या वाटेचं मोठं बळ. ज्युलियस व्होगेल, तेव्हाचा पोस्टमास्तर जनरल आणि वसाहतीचा खजिनदार, यामागे हट्टाने लागला. १८७१ मध्ये तो स्वतः अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कचा जहाजबांधणीदार विल्यम वेब याच्याशी करार केला. वेबच्या नेव्हाडा, नेब्रास्का आणि डकोटा या बाजूला वल्ह्यांची चाकं असलेल्या बोटी धावू लागल्या. दोघांचाही भरवसा अमेरिकी काँग्रेसच्या अनुदानावर होता. ते मिळालं नाही. १८७३ मध्ये वेबने काम सोडलं.

त्यातच घरचं भांडण. न्यूझीलंडमध्ये बंदरं अनेक आणि प्रत्येकाला वाटे की विलायतची बोट आपल्या धक्क्याला लागली पाहिजे. ऑकलंड उत्तरेला, पोर्ट चामर्स दक्षिणेला, मध्ये वेलिंग्टन, नेल्सन, लिटल्टन. राजधानी १८६५ मध्ये ऑकलंडहून वेलिंग्टनला गेल्याची जखम ताजी होती, आणि सोन्यामुळे दक्षिणेतल्या ओटागो प्रांताकडे पैसा होता. मोठी बोट सगळ्या किनाऱ्याने फिरवायची तर प्रत्येक बंदरात एक दिवस आणि कोळसा जातो. नाही फिरवली तर मतदार चिडतात. किनाऱ्यावर छोटी जोडबोट ठेवून मोठी बोट एकाच बंदरातून फिरवणं हे शहाणपणाचं होतं, पण सभागृहात त्याला मतं मिळवणं अवघड.

१८७३ च्या सुमारास वसाहतींची फाटाफूट पूर्ण झाली. ब्रिटिश सरकारने सांगितलं की आम्ही टपाल गॉल, सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आणून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. व्हिक्टोरियाने पी. अँड ओ. आणि गॉल धरलं, क्वीन्सलंडने ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीची वाट, न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंडने सॅन फ्रान्सिस्को. या दोघांतही आधी कुणाच्या बंदराला जायचं यावर एकमत होईना, तेव्हा तोडगा निघाला की मुख्य बोट फिजीतल्या कडावू बेटाला येईल आणि तिथून सिडनीचं नि न्यूझीलंडचं टपाल वेगवेगळ्या बोटींनी पुढे जाईल. प्रवाळाच्या खडकांत, जिथे दुरुस्तीची सोय नाही, अशा ठिकाणी बोटींनी एकमेकींची वाट पाहायची. भांडण मिटवण्यासाठी मुद्दाम एक नवा सांधा निर्माण केला गेला. काही वर्षांतच तो सोडावा लागला. १८७५ पासून पॅसिफिक मेल कंपनीने काम घेतलं आणि लवकरच बोटी सिडनी-ऑकलंड-होनोलुलू अशा सरळ जाऊ लागल्या, तेव्हा कुठे दहा वर्षं स्थैर्य आलं.

१८८५ मध्ये न्यूझीलंडचीच युनियन कंपनी आणि साखरवाल्या स्प्रेकल्स घराण्याची ओशियानिक कंपनी यांनी मिळून सेवा घेतली. ती टिकली याचं कारण मला स्पष्ट दिसतं: स्प्रेकल्सना हवाईच्या साखरेसाठी त्या समुद्रात बोटी हव्याच होत्या, आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर युनियन कंपनीच्या बोटी आधीपासून होत्या. टपाल दोघांनाही वरकमाई. ज्या कंपनीला केवळ तुमच्या अनुदानावर जगायचं आहे तिला ठेका देऊ नये. जिला तिथे तसंही जायचं आहे तिला द्यावा. १८८२ मध्ये डनिडिन जहाजाने गोठवलेलं मांस लंडनला पोहोचवल्यावर न्यूझीलंड आणि इंग्लंड यांच्यात थेट आगबोटी परवडू लागल्या, त्याचंही कारण तेच. दरम्यान १८७६ मध्ये समुद्राखालची तार न्यूझीलंडला पोहोचली होती. लोकरीचे भाव आता पत्राची वाट पाहत नव्हते, म्हणून टपालाच्या दोन दिवसांवरून होणारं राजकारणही थोडं निवळलं.

सांधा परक्याच्या हातात असल्याचा शेवटचा फटका १९०० मध्ये बसला. हवाई अमेरिकेचा भाग झाल्यावर होनोलुलू ते सॅन फ्रान्सिस्को हा अमेरिकेचा किनारी व्यापार ठरला आणि परदेशी निशाणाच्या बोटींना तिथे उतारू-माल घेण्याची बंदी झाली. युनियन कंपनीची मोआना ही बोट बाहेर पडली, ओशियानिक एकटी उरली, आणि १९०७ मध्ये तिनेही ही सेवा बंद केली. न्यूझीलंडने मग पॅसिफिकमधल्या रारोटोंगा आणि ताहिती बेटांवरून नवी वाट काढली.

आता तुमच्या पात्राच्या लंडनमधल्या दिवसांबद्दल. कथा १८६० पूर्वीची असेल तर तो नौदलाच्या कचेरीत जाईल, कारण टपाल बोटींचे करार तेव्हा तिथे होत. नंतरची असेल तर सेंट मार्टिन्स-ल-ग्रँडच्या मुख्य टपाल कचेरीत. पैशासाठी ट्रेझरी, म्हणजे ब्रिटिश सरकारचं खजिना खातं. बोटींसाठी लेडनहॉल स्ट्रीट, जिथे पी. अँड ओ.ची कचेरी होती. कंपनीचे संचालक त्याच्याशी सौजन्याने वागतील आणि काही कबूल करणार नाहीत, कारण दुसरी बोली लावणारा कोण आहे हे त्यांना त्याच्याआधी कळलेलं असेल. ट्रेझरीचे अधिकारी विचारतील की तुमच्या वसाहतीची सेवा आम्ही सुधारली तर शेजारच्या वसाहतीला काय सांगायचं. त्याच्या पिशवीत बंदरागणिक पत्रांची संख्या, किनाऱ्यावरच्या बोटींचं वेळापत्रक आणि कोळशाचे दर असावेत. यांतला कोळसा बहुतेक जण विसरत.

आणि खरा पेच दाखवायचा असेल तर तो अधिकाराचा दाखवा. सभागृहाने त्याला एका रकमेपर्यंत मुभा दिलेली आहे. कंपनी थोडी जास्त मागते, पण बदल्यात त्याला हव्या त्या तारखा देते. परवानगी विचारायला पत्र लिहिलं तर जायला दोन महिने, यायला दोन महिने, आणि तोवर देकार उभा राहणार नाही. तार अजून पोहोचलेली नाही. तो स्वतःच्या जबाबदारीवर सही करतो आणि “विधिमंडळाच्या मंजुरीच्या अधीन” हे शब्द घालतो. मग परतीची बोट धरतो. घरी पोहोचेपर्यंत मंत्रिमंडळ बदललेलं असू शकतं, आणि त्याच्या सहीचा कागद त्याच्याआधी दुसऱ्या वाटेने पोहोचून विरोधकांच्या हाती पडलेला असू शकतो.